सार्वजनिक संगणक आणि खातेदाराची गुप्तता

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, परंडा)

'खातें' हा शब्द आम्हां महसुलांतील माणसांच्या कानीं जन्मभर पडत आला. खातें म्हणजे जमिनीचें खातें, आणि खातेदार म्हणजे ज्याचें नांव गांव नमुना आठ-अ मध्यें लागलें आहे तो इसम. हल्लीं या शब्दास दुसरा अर्थ चिकटला आहे. महाडीबीटीवरचें खातें, डिजिटल सातबाऱ्याचें खातें, बँकेचें मोबाईलवरचें खातें, ई-मेलचें खातें, अशीं चार-पांच खातीं आज बहुतेक शेतकऱ्यांच्या नांवें कोठें ना कोठें उघडलेलीं आहेत. आणि मौज अशी कीं, यांतील निम्मीं त्यांनीं स्वतः उघडलेलीं नाहींत. तीं सेवा केंद्रावरील संगणकावर, केंद्रचालकाच्या हातून, त्यांच्या समक्ष उघडलीं गेलीं. जमिनीच्या खात्यावर परकें नांव चढूं लागलें तर आपला शेतकरी कचेरींत धांव घेतो, हरकत देतो, प्रांताकडे अपील नेतो. या दुसऱ्या खात्यांची किल्ली कोणापाशीं आहे, हें मात्र त्यास पुष्कळदां ठाऊकहि नसतें. ही किल्ली सार्वजनिक संगणकावर मागें कशी राहते व ती राहूं नये म्हणून काय करावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमच्या तालुक्यास परक्या लिपीचा अनुभव जुना आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. कचेरीची भाषा उर्दू, आणि त्याहून जुनें दप्तर मोडींत. मराठी बोलणारा शेतकरी कचेरींत गेला म्हणजे प्रथम अर्जनवीस गांठी. अर्जनवीस लिही, वाचून दाखवी, खालीं अंगठा घेई आणि आपली मजुरी घेऊन अर्ज हातीं देई. त्या व्यवहारांत लबाडी होत नसे असें नाहीं; परंतु एक गोष्ट निश्चित होती. अर्ज पुरा झाला कीं कागद अर्जदाराबरोबर जाई, आणि अर्जनवीसापाशीं फार तर त्याची आठवण उरे. आजचा केंद्रचालक हा नवा अर्जनवीस होय. पडद्यावरील मजकूर कधीं इंग्रजींत असतो, तर कधीं अशा मराठींत कीं त्यापेक्षां इंग्रजी पुरवली. तेव्हां लिहिणारा व वाचून दाखविणारा पुन्हां लागतोच. फरक इतकाच कीं, अर्जदार उठून गेला तरी त्याचा अर्ज, त्याचा आधार क्रमांक, त्याच्या पासबुकाचें चित्र आणि वेळप्रसंगीं त्याचा उघडा दरवाजा हीं सर्व त्या यंत्रांत राहतात.

केंद्रचालकांस दोष देण्याचा येथें हेतु नाहीं. माझ्या पाहण्यांतील बहुतेक केंद्रचालक हे गांवचींच मुलें आहेत, अल्प मिळकतीवर रात्रीं उशिरांपर्यंत बसतात आणि म्हाताऱ्या माणसांचे अर्ज पदरचा वेळ घालून भरतात. दोष आहे तो व्यवस्थेचा व घाईचा. पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली कीं केंद्रापुढें रांग लागते, सर्व्हर चालत नाहीं, एकाचा अर्ज अर्धवट ठेवून दुसऱ्याचा उघडावा लागतो, आणि अशा वेळीं एकाच संगणकावर पांच शेतकऱ्यांचीं खातीं एकाशेजारीं एक उघडीं असतात. कोणाचें बंद केलें व कोणाचें राहिलें याचा हिशेब कोण ठेवणार?

पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, ही वस्तु संगणकाच्या जगांत आली तीच मुळीं एक यंत्र अनेकांनीं वापरावयाचें म्हणून. १९६० नंतरच्या त्या कालांत अमेरिकेंतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कोर्बातो यांच्या देखरेखीखालीं एक मोठा संगणक अनेकांनीं पाळीपाळीनें वापरण्याची पद्धत बसविण्यांत आली. सामायिक विहिरीवर भाऊबंद पाण्याची पाळी लावतात, तसाच हा प्रकार. प्रत्येकाचे कागद निराळे राहावे म्हणून प्रत्येकास एक परवलीचा शब्द देण्यांत आला. पण १९६२ सालीं अॅलन शेर नांवाच्या तेथल्याच एका संशोधकास आपल्या वांट्याचा वेळ पुरेना. त्यानें सर्वांच्या पासवर्डांची यादीच त्या यंत्राकडून छापवून घेतली आणि दुसऱ्यांच्या पाळीवर काम केलें. पुढें १९६६ सालीं तर कामाच्या चुकीनें अशी अदलाबदल झाली कीं, यंत्र सुरू करणाऱ्या प्रत्येकापुढें त्या दिवसाच्या सूचनेऐवजीं सर्वांचे पासवर्ड झळकूं लागले. सांगण्याचें तात्पर्य, सामायिक यंत्रावर पासवर्ड फुटण्याची गोष्ट पासवर्डाइतकीच जुनी आहे, आणि ती जगांतील नामांकित विद्वानांच्या घरींहि घडली.

येथें एक शंका निघते. पुष्कळ शेतकरी म्हणतात, "आमच्यापाशीं लपविण्याजोगें आहे काय? आमचा सातबारा तर सगळ्या गांवास ठाऊक." हें म्हणणें अर्धें खरें आहे, आणि त्यांतच धोका आहे. सातबारा हा सरकारी अभिलेख आहे. पूर्वीं नकलेचा अर्ज देऊन तो कोणासहि मिळे, आतां महाभूलेख संकेतस्थळावर गट क्रमांक घालून कोणासहि पाहतां येतो. आपलें नांव, क्षेत्र, आणेवारी, इतर हक्कांत असलेला सोसायटीचा बोजा, सर्व उघडें आहे. आणि मालमत्तेच्या व्यवहारांत लबाडी होऊं नये म्हणून तें उघडें असणेंच योग्य आहे. परंतु याचा अर्थ असा होतो कीं, लबाडास लागणारी निम्मी माहिती त्यास फुकट मिळालेलीच आहे. राहिली निम्मी, म्हणजे आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, पासवर्ड, मोबाईलवर येणारा ओटीपी आणि अंगठ्याचा ठसा. ही दुसरी निम्मी ज्याच्या हातीं पडली, त्यास पहिल्या निम्मीसह आपल्या नांवानें उभें राहतां येतें.

असें उभें राहण्यांत कोणास काय लाभ, तेंहि पाहूं. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यांत एक रुपयांत पीक विम्याची योजना सुरू झाली. शेतकऱ्यानें एक रुपया द्यावयाचा, आणि प्रत्येक अर्जामागें सेवा केंद्रास चाळीस रुपये विमा कंपनीकडून मिळावयाचे. चाळीस रुपये ही रक्कम लहान दिसते. पण अर्जदार समोर नसतांहि अर्ज भरतां आला, तर शंभर अर्जांचे चार हजार होतात. सरकारी जमिनी, देवस्थानच्या जमिनी, परक्या माणसांच्या जमिनी यांवर विमे उतरविल्याचे प्रकार पुढें उघडकीस आले. २०२५ च्या आरंभीं राज्याच्या कृषिमंत्र्यांनीं बोगस अर्जांची संख्या सुमारें चार लाख असल्याचें सांगितलें आणि नव्वदांहून अधिक केंद्रांवर कारवाई झाली. त्याच वर्षाच्या खरिपापासून एक रुपयाची ती सवलत बंद होऊन शेतकऱ्यास पूर्वीप्रमाणें विमा हप्त्याचा आपला हिस्सा भरावा लागूं लागला. सर्वच बोगस अर्ज संगणकावर मागें राहिलेल्या कागदांतून निघाले असें मी म्हणत नाहीं. तसा दावा करणें अन्यायाचें होईल. परंतु ज्या केंद्रावर मागल्या हंगामांतील शेंकडों आधार व पासबुकें तशींच पडून आहेत, तेथें असा अर्ज भरण्यास नवीन चोरी करावी लागत नाहीं, हें कोणीहि समजूं शकेल.

दुसरें उदाहरण २०२४ मधील लाडकी बहीण योजनेचें. सातारा जिल्ह्यांतील एका इसमानें निरनिराळे आधार क्रमांक वापरून सुमारें तीस अर्ज भरल्याचें उघड झालें. हें बाहेर कसें आलें, तें ध्यानांत घेण्याजोगें आहे. नवी मुंबईकडे खारघर येथील एका बाई आपला अर्ज भरण्यास गेल्या, तेव्हां त्यांच्या आधार क्रमांकावर अर्ज अगोदरच भरला गेला आहे असें उत्तर आलें. त्या अर्ज भरावयास गेल्याच नसत्या तर त्यांस कळण्याचा मार्ग नव्हता. शेतकऱ्याचेंहि असेंच होतें. ठिबकचा अर्ज दुसऱ्याच बँक खात्यासह गेला आहे, किंवा विम्याचा अर्ज भलत्याच क्षेत्रावर भरला आहे, हें तो स्वतः विचारीपर्यंत त्यास कोणी सांगत नाहीं.

आतां उपायांकडे वळूं. सर्वांत पहिली व माझ्या मतें सर्वांत मोठी गोष्ट संगणकांत नाहीं, मोबाईल क्रमांकांत आहे. अर्ज भरतेवेळीं केंद्रचालक विचारतो, "मोबाईल नंबर कोणता टाकूं?" शेतकऱ्याचा मोबाईल घरीं असतो, किंवा त्यांत पैसे भरलेले नसतात, किंवा तो मुलाकडे पुण्यास असतो, मग केंद्रचालक सोयीसाठीं स्वतःचा क्रमांक टाकतो. त्या क्षणापासून त्या खात्याचा ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि पासवर्ड बदलावयाचा तरी त्याच्याच मोबाईलवरून बदलतो. जमिनीच्या भाषेंत सांगावयाचें तर हें मुखत्यारपत्र लिहून देण्यासारखेंच आहे, फक्त स्टँप लागत नाहीं आणि रद्द करण्याची तारीख नसते. म्हणून आपला, अथवा घरांतील भरंवशाच्या माणसाचा, क्रमांक घेऊनच केंद्रावर जावें; तो हातीं नसेल तर त्या दिवशीं अर्ज भरूं नये. पूर्वीं भरलेल्या अर्जांवर कोणाचा क्रमांक आहे, तेंहि एकदां तपासून घ्यावें, आणि परका आढळल्यास बदलून घ्यावा. आधारास जोडलेला क्रमांक बदलावयाचा असेल तर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलतां येतो.

ओटीपी सांगण्यापूर्वीं तो संदेश पुरा वाचावा. पुष्कळजण पडद्यावर सहा आंकडे दिसले कीं मोठ्यानें वाचून दाखवितात, आणि रांगेंतील दहा माणसें तें ऐकतात. संदेशांत आंकड्यांच्या मागें-पुढें तो कशाकरितां आहे हें बहुधा लिहिलेलें असतें. आपण आलों ई-केवायसीसाठीं आणि संदेश बँकेचा आला, तर तेथेंच थांबावें. इंग्रजी येत नसेल तर शाळेंत जाणारा नातू बरोबर न्यावा. ज्याचें काम त्याच्याच हातून वाचून घेण्यापेक्षां तें बरें. शक्य तर आंकडे तोंडानें न सांगतां स्वतः टिपकळ्यांवर दाबावे. दहा ठिकाणीं विचारलें तर नऊ केंद्रचालक आनंदानें सरकून जागा देतात, असा माझा अनुभव आहे.

संगणकावर संकेतस्थळें उघडून दाखविणारा जो कार्यक्रम असतो, त्यास ब्राउझर म्हणतात. हा ब्राउझर फार आज्ञाधारक नोकर आहे. पण तो यंत्राच्या धन्याचा नोकर, आपला नव्हे. पासवर्ड घातला कीं तो विचारतो, "हा जपून ठेवूं काय?" घाईंत "होय" दाबलें गेलें, तर पुढच्या वेळीं त्या यंत्रावर बसणाऱ्या कोणासहि आपलें खातें पासवर्ड न घालतां उघडतें. येथें नेहमीं "नाहीं" किंवा "कधींच नाहीं" दाबावयास सांगावें. मोबाईल क्रमांकाच्या रकान्यांत पहिला आंकडा घालतांच खालीं दुसऱ्या शेतकऱ्यांच्या क्रमांकांची यादी उघडते, हें वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. ती त्याच जपणुकीची खूण आहे. आपला क्रमांक उद्यां तसाच दुसऱ्यास दिसणार.

याला एक चांगला तोडगा ब्राउझरमध्येंच आहे. क्रोम किंवा एज असेल तर कंट्रोल, शिफ्ट व एन, आणि फायरफॉक्स असेल तर कंट्रोल, शिफ्ट व पी, या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे खासगी खिडकी उघडते. अशा सर्व खिडक्या बंद केल्या कीं कोणतीं स्थळें पाहिलीं याची यादी, रकान्यांत काय भरलें तें, आणि दरवाजा उघडा असल्याची खूण, हीं सर्व ब्राउझर टाकून देतो. परंतु ही खिडकी म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. तिच्यांतून जे कागद उतरवून घेतले, ते संगणकांत तसेच राहतात. आणि ती उघडी टाकून आपण निघून गेलों तर तिचा कांहींच उपयोग नाहीं.

म्हणून काम संपतांच "लॉग आउट" किंवा "बाहेर पडा" असें जेथें लिहिलें असेल तेथें दाबून, पुन्हां पासवर्ड मागणारें पान समोर आलें, हें डोळ्यांनीं पाहूनच उठावें. नुसती फुली दाबून खिडकी बंद करणें पुरत नाहीं. फुली म्हणजे दार लोटून घेणें. "बाहेर पडा" म्हणजे कुलूप. ज्या ठिकाणीं पैशाचा संबंध आहे, तेथें हें विशेष पाळावें. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांस मिळतो, आणि त्यासाठीं त्या स्थळावरील आपल्या खात्यांत आगाऊ पैसे भरून ठेवण्याची सोय आहे. तें खातें उघडें राहिलें तर आपल्या शिलकेंतून दुसऱ्याचे उतारे निघतील. रक्कम थोडी असेल, पण सवय मोठ्या रकमेलाहि तीच लागते.

उतरवून घेतलेल्या कागदांची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तिकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. आधार कार्डाची संगणकीय प्रत उतरविली कीं ती "डाउनलोड्स" नांवाच्या कप्प्यांत पडते. छपाई झाली, पैसे दिले, शेतकरी गेला, प्रत तेथेंच. तिला पासवर्ड असतो खरा. पण तो असतो नांवाचीं पहिलीं चार मोठीं इंग्रजी अक्षरें व जन्मसाल मिळून. ज्यास आपलें नांव व वय ठाऊक आहे, त्यास तें कुलूप उघडावयास पळभर लागतें. आणि गांवांत ज्यास तें ठाऊक नाहीं असा कोण आहे? आधार प्राधिकरणाचाच सल्ला असा आहे कीं, सार्वजनिक संगणकावर ही प्रत उतरवूं नये, आणि उतरविलीच तर ती कायमची पुसून टाकावी. पुसण्यांतहि खोंच आहे. साध्या रीतीनें पुसलेला कागद "रिसायकल बिन" नांवाच्या टोपलींत जातो, व तेथून तो पुन्हां काढतां येतो. शिफ्टची कळ दाबून डिलीट केलें म्हणजे तो टोपलींत न थांबतां जातो. निवडक माणसें अशाहि कागदाचे अवशेष विशेष साधनांनीं काढूं शकतात. पण आपला संबंध तशा कारागिराशीं क्वचित् येतो. नेहमीं येतो तो उघड्या कप्प्याशीं. जेथें आधाराचा पुरा क्रमांक आवश्यक नसेल, तेथें शेवटचे चार आंकडेच दाखविणारी झांकलेली प्रत चालते, तीच द्यावी.

अलीकडे आणखी एक सोपा व म्हणूनच घातक रिवाज पडला आहे. शेतकरी आपल्या मोबाईलवर पासबुक, आधार, सातबारा यांचीं छायाचित्रें काढतो व व्हॉट्सअॅपवर केंद्रचालकास पाठवितो. तो तीं संगणकावर घेऊन छापतो. या एका छपाईसाठीं आपले कागद केंद्रचालकाच्या मोबाईलमध्यें, त्याच्या संगणकांत, आणि आपल्या मोबाईलमध्यें अशा तीन ठिकाणीं कायम झाले. काम होतांच, केंद्रचालकासमक्षच, तो संदेश "सर्वांसाठीं" पुसावा व संगणकावरील प्रतहि पुसावयास सांगावी. याहून पुढचा प्रकार म्हणजे आपलेंच व्हॉट्सअॅप केंद्राच्या संगणकावर जोडून देणें. तसें केलें असेल तर आपल्या मोबाईलमधील व्हॉट्सअॅपमध्यें "जोडलेलीं साधनें" अथवा "लिंक्ड डिव्हाइसेस" येथें जाऊन पाहावें. ज्या संगणकावर आपण महिन्यापूर्वीं बसलों, तो तेथें अजून जोडलेला दिसेल. त्यावर बोट ठेवून तो तोडतां येतो, आणि त्यासाठीं केंद्रावर परत जावें लागत नाहीं. गूगलच्या खात्यासहि अशीच सोय आहे.

कागदी झेरॉक्स प्रतींबद्दल एका कारकुनाचा सल्ला ऐकावा. प्रतीवर आडवें लिहावें : "केवळ पीक विमा, खरीप हंगाम, अमुक साल, याकरितां", आणि खालीं सही व तारीख. अशी प्रत दुसऱ्या कामास लावणें कठीण जातें. बिघडलेली छपाई केंद्रावरील रद्दींत टाकूं नये, खिशांत घालून घरीं आणावी. बाजाराच्या दिवशीं अशाच कागदांच्या पुड्यांतून आधार क्रमांक वाचावयास मिळतात.

कांहीं धोके असे आहेत कीं, ते आपल्यास दिसतच नाहींत. संगणकांत असा कार्यक्रम बसवितां येतो कीं, दाबलेली प्रत्येक कळ तो गुपचूप टिपून ठेवतो. त्यापुढें खासगी खिडकी चालत नाहीं, लॉग आउट चालत नाहीं, पासवर्ड कितीहि अवघड असला तरी तो अक्षरशः उतरला जातो. केंद्रचालक स्वतः सज्जन असला तरी त्याच्या यंत्रांत कोणीं काय बसविलें हें त्यालाहि ठाऊक असेलच असें नाहीं. चोरीचे कार्यक्रम उतरवून घेणाऱ्या यंत्रांत असली कीड लवकर शिरते. याकरितां बँकेचें खातें सार्वजनिक संगणकावर मुळींच उघडूं नये. तें स्वतःच्या मोबाईलवर किंवा बँकेंत जाऊन पाहावें. इतर खातीं उघडावीं लागलींच, तर घरीं येऊन आपल्या मोबाईलवरून पासवर्ड बदलावा. एकच पासवर्ड सर्व खात्यांस लावण्याची जी पद्धत आहे, ती सोडावी. नाहीं तर एक किल्ली गेली कीं घर, गोठा, कोठार तिन्ही गेलीं.

यंत्रांत कांहींच न बसवितां, नुसत्या स्मरणानेंहि हें काम होतें, याचा दाखला २०१५ च्या दहा वर्षें अगोदर पुण्यास मिळाला. २००५ सालीं तेथील एका दूरध्वनी सेवा केंद्रांतील नोकरांनीं अमेरिकेंतील बँकेच्या ग्राहकांकडून गोड बोलून गुप्त आंकडे काढून घेतले व सुमारें साडेतीन लाख डॉलर परस्पर दुसरीकडे वळविले. आंकडे लिहून बाहेर नेण्यास तेथें बंदी होती, म्हणून ते त्यांनीं पाठ केले होते, आणि खातीं उघडलीं तीं सायबर कॅफेंतील संगणकांवरून, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. म्हणजे सार्वजनिक संगणक हा चोरास लपावयासहि सोयीचा. पुढें २०११ सालीं केंद्र सरकारनें सायबर कॅफेंसाठीं नियम केले : येणाऱ्याची ओळख तपासावी, नोंदवही व पाहिलेल्या स्थळांची नोंद निदान एक वर्ष ठेवावी, मधले आडोसे साडेचार फुटांहून उंच नसावे, आणि उघड्यावरील संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावे. हे नियम गुन्हा रोखण्यासाठीं योग्यच आहेत. पण त्यांमुळें आपला पडदा मागून जाणाऱ्यासहि दिसतो, तेव्हां पासवर्ड घालतांना दुसरा हात आड धरावा.

अंगठ्याविषयीं थोडें. पासवर्ड बदलतां येतो, अंगठा बदलतां येत नाहीं. आपल्या शेजारच्या तेलंगणांत २०१८ सालीं एकानें जमिनीच्या नोंदणीचे दस्त संकेतस्थळावरून उतरवून, त्यांवरील ठशांवरून रबरी अंगठे तयार केले व त्यांवर मोबाईलचीं सिमकार्डें चालू केलीं. अंगठ्यावर बँकेंतून पैसे निघतात, म्हणून ज्यास नेहमीं अंगठा देण्याचा प्रसंग येत नाहीं त्यानें आधाराच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या मोबाईल अॅपमधून ठशांस कुलूप घालून ठेवावें. काम पडेल तेव्हां तें तात्पुरतें उघडतां येतें. आणि केंद्रावर "अंगठा लागला नाहीं, पुन्हां ठेवा" असें म्हटलें, तर प्रत्येक वेळीं पडद्यावर काय आलें तें पाहून मगच पुन्हां ठेवावा.

आपल्या संस्थेनेंहि या कामीं कांहीं करण्याजोगें आहे. कार्यालयांत सभासदांसाठीं एक संगणक ठेवला, त्यावर प्रत्येकाचें काम संपतांच सर्व खुणा आपोआप पुसल्या जातील असें "अतिथी" खातें करून दिलें, डाउनलोड्सचा कप्पा रोज संध्याकाळीं रिकामा करण्याचें काम एका नोकराकडे नेमून दिलें, आणि सभासदांचे पासवर्ड वहींत लिहून ठेवण्यास सक्त मनाई केली, तर शेवटच्या तारखेची गर्दी व तिजबरोबर येणारी निम्मी जोखीम टळेल. विम्याचा अर्ज शेतकऱ्यास स्वतःहि भरतां येतो, हें पुष्कळांस माहीत नाहीं. मॅट्रिक झालेला मुलगा दोन दिवसांत तें शिकतो. खर्चाचा अंदाज व्यवस्थापक मंडळानें घ्यावा. मी तांत्रिक मनुष्य नाहीं.

इतकेंहि करून खात्यांत परका हात शिरल्याची शंका आली, तर क्रम असा ठेवावा. प्रथम मोबाईलवरून पासवर्ड बदलावा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा व बँकेस लेखी कळवून पोंच घ्यावी. रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं असा नियम घालून दिला कीं, चूक ग्राहकाची वा बँकेची नसून तिसऱ्याची असेल आणि ग्राहकानें तीन कामकाजी दिवसांत कळविलें, तर नुकसान ग्राहकावर पडूं नये. मात्र पासवर्ड स्वतःच दुसऱ्यास दिला असेल, तर कळवीपर्यंतचें नुकसान त्याचेंच. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीनें वापरणें हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ सी खालीं गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. अर्जांतील फेरफाराची तक्रार विम्याची असल्यास तालुका कृषि अधिकाऱ्याकडे, दाखल्याची अथवा सेवा केंद्राची असल्यास तहसील कचेरींत द्यावी. तक्रारींत केंद्राचें नांव, अर्जाचा क्रमांक, तारीख व शक्य तर वेळ लिहावी. अर्ज भरल्यावर मिळणारी पावती त्यासाठींच जपून ठेवावयाची असते. पावती न देणाऱ्या केंद्रावर अर्ज भरूं नये.